कॉस दोन्हीकडे आहे म्हणून उडवायचा का?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. क्लासच्या टेस्टला होतं, साइन २थीटा = कॉस थीटा सोडवा, थीटा ० ते ३६० अंश. तिने साइन २थीटाच्या जागी २ साइन थीटा कॉस थीटा लिहिलं, दोन्हीकडचा कॉस उडवला, साइन थीटा = १/२ आलं, उत्तर ३० आणि १५०. दोन्हीचा ताळा जुळतो तरी अर्धेच मार्क दिलेत. घरी दोन दिवस रडारड चालूय. चुकलं कुठे? (एक पालक, सांगली)

उत्तर : तिला आधी सांगा की लिहिलेलं एकही उत्तर चूक नाहीये, दोन राहिलीत. ९० टाकून बघा, डावीकडे साइन १८० म्हणजे शून्य, उजवीकडे कॉस ९० तोही शून्य, जुळलं की! २७० ला पण तसंच होतं. मग ही दोघं गेली कुठे, तर वहीत ज्या ओळीत कॉसवर काट मारलीय ना, तिथेच गेली. आपण "उडवला" म्हणतो खरं पण तिथे दोन्ही बाजूंना कॉसने भागतो, आणि शून्याने भागायचं नाही हे पोरांना शाळेपासून पाठ असतं, फक्त तो शून्य कॉसचा सदरा घालून आला की कुणी ओळखत नाही. कॉस शून्य होतो तो नेमका ९० आणि २७० ला.

म्हणून काट मारायची नाही, सगळं एका बाजूला आणून कॉस कॉमन काढायचा :
कॉस थीटा (२ साइन थीटा − १) = ०
गुणाकार शून्य म्हणजे दोघांपैकी एक तरी शून्य हवा. कॉस शून्य धरला तर ९०, २७०, आणि कंस शून्य धरला तर ३०, १५०. झाली चार. जनरल सोल्युशन मागितलं तर ९० च्या सगळ्या विषम पटी, आणि ३० नि १५० मध्ये ३६० च्या पटी मिळवत जायचं. बाय द वे, ३० लिहून १५० विसरणारी मुलं ढिगाने असतात, ती विसरली नाही, तेवढं कौतुक करा.

प्रश्न : सर, २ कॉसवर्ग थीटा + ३ साइन थीटा = ० मध्ये कुठली आयडेंटिटी लावायची हेच सुचत नाही. सूत्रं सगळी पाठ आहेत. (बारावी, लातूर)

उत्तर : सूत्रं आठवत बसू नकोस, आधी गणिताकडे बघ. साइन एकटा आहे, कॉस वर्गात आहे. एकट्याला बदलायला गेलास तर वर्गमूळ गळ्यात पडतं, म्हणून वर्गवाल्याला बदल, कॉसवर्गाच्या जागी १ − साइनवर्ग. आता साइनला म म्हण, की दहावीचं वर्गसमीकरण समोर येतं :
२म² − ३म − २ = ०
मधलं पद −४म + म असं फोडलं की अवयव पडतात, (२म + १)(म − २) = ०. म = २ लगेच बाद, कारण साइन १ च्या वर जातच नाही, पण बाद का केलं ते एक ओळ लिही, नुसती फुली मारून पुढे जाऊ नकोस. उरलं साइन थीटा = −१/२, साइन ऋण तिसऱ्या-चौथ्या चरणात, म्हणजे २१० आणि ३३०.

प्रश्न : साइन थीटा + कॉस थीटा = १. वर्ग करून ०, ९०, १८०, २७० अशी चार उत्तरं आली, पुस्तकात (३६० सोडून) दोनच आहेत! (वाचक, ठाणे)

उत्तर : पुस्तक बरोबर आहे. पहिल्या गणितात भागल्यामुळे उत्तरं हरवली, इथे वर्ग केल्यामुळे जास्तीची घुसली. १८० आणि २७० ला बेरीज −१ येते, पण −१ चा वर्गही १ च, त्यामुळे वर्ग केल्यावर फरक कळत नाही. वर्ग केलात तर प्रत्येक उत्तर मूळ समीकरणात टाकून बघायलाच लागेल. मला विचाराल तर इथे वर्ग करूच नका, दोन्ही बाजूंना √२ ने भागा (हा काही शून्य नाही, बिनधास्त भागा), कॉस (थीटा − ४५) = १/√२ होतं, थीटा − ४५ म्हणजे +४५ किंवा −४५, आणि ९० आणि ० सरळ हातात.