मोरजीच्या वाळूवर बसलेले मोठे कुरव एकमेकांपासून वेगळे कसे ओळखायचे?

तुमचा प्रश्न असा आहे की गोव्यातल्या मोरजीला शापोरा नदीच्या मुखाशी बसणाऱ्या घोळक्यातले ह्युग्लिन, स्टेप आणि पलास कुरव (म्हणजे गल) वेगळे कसे काढायचे, आणि पुस्तकातली चित्रं समोरच्या पक्ष्याशी का जुळत नाहीत. चित्र बहुतेक वेळा पूर्ण वाढलेल्या पक्ष्याचं असतं आणि समोर असतं पहिल्या-दुसऱ्या वर्षाचं पिल्लू. या मोठ्या कुरवांना प्रौढ पिसारा यायला चौथं वर्ष उजाडतं, तोवर दर हिवाळ्यात रूप वेगळं. म्हणून आधी वय ठरवा, जात नंतर.

पलास आधी बाजूला काढा. आजूबाजूला तपकिरी डोक्याचे कुरव असतातच, ते ४१ ते ४५ सेंमीचे. पलास ७० सेंमीपर्यंत भरतो. उतरतं कपाळ, लांब जड चोच. हिवाळ्यात प्रौढाच्या डोळ्यामागे काळपट डाग, डोळ्याच्या वर आणि खाली पांढरी कोर, पिवळ्या चोचीवर टोकाजवळ काळा पट्टा. फेब्रुवारी-मार्चात डोकं काळं झालं की प्रश्नच मिटतो. तुम्ही वर्णन केलेला पक्षी, म्हणजे पाठ राखाडी, पंखांवर तपकिरी पिसं आणि पांढऱ्या शेपटीला रुंद काळी पट्टी, मला पहिल्या हिवाळ्यातला पलासच वाटतो. स्टेपच्या त्या वयाच्या पिल्लालाही शेपटीवर पट्टी असते, पण त्याची पाठ तेव्हा अशी सलग राखाडी झालेली नसते.

खरी कसोटी ह्युग्लिन आणि स्टेपची. दोघेही सध्या लेसर ब्लॅक-बॅक्ड गल या एकाच कुरवाच्या उपजाती मानले जातात. ह्युग्लिन उत्तर रशियाच्या टुंड्रात वीण करतो, स्टेप त्याच्या दक्षिणेला. स्टेपचं शास्त्रीय नाव बाराबेन्सिस हे पश्चिम सायबेरियातल्या बाराबा स्टेप या गवताळ मैदानावरून आलं. प्रौढांच्या पाठीचा रंग मी असा लक्षात ठेवतो: ह्युग्लिन म्हणजे ओली पाटी, स्टेप म्हणजे तीच पाटी वाळल्यावर. स्टेपचं डोकं बरेचदा गोलसर, डोळा गडद दिसणारा आणि चोचीवर लालसोबत काळी खूणही. ह्युग्लिनच्या मानेवर हिवाळ्यात तपकिरी रेघा जास्त. त्याचा प्रवास लांबचा, त्यामुळे पंखांची पिसं बदलण्याचं कामही स्टेपपेक्षा उशिरा संपतं. हिवाळ्यात पंखाच्या टोकाची पिसं अजून वाढत असतील तर ह्युग्लिनकडे झुका. पण यातली कुठलीही एक खूण एकटी पुरेशी नाही.

पाठीचा रंग बघताना उजेडाचं भान ठेवा. मोरजीला समुद्र पश्चिमेला, त्यामुळे दुपारनंतर ऊन समोरून येतं आणि पक्षी सावलीसारखे दिसतात. सकाळी लवकर जा, सूर्य पाठीशी असतो. ऊन चढलं की पांढऱ्या वाळूवर पाठी फिकट भासतात. सुरुवातीच्या वर्षांत अशाच झळाळीत मी एका पक्ष्याला कॅस्पियन कुरव (फिकट पाठीचा आणखी एक मोठा कुरव) म्हणून नोंदवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो इतरांना अगदी लागून बसला होता आणि पाठीत काडीचाही फरक नव्हता. मी नोंद काढून टाकली. तेव्हापासून एकाच दिशेला तोंड करून शेजारी बसलेल्या पक्ष्यांचीच तुलना करतो. कॅस्पियनसाठी तर बारीक लांब चोच, लहान काळा डोळा, लांब पाय आणि पंखाच्या टोकाचा नमुना, हे सगळं फोटोत हवंच.

त्या फोटोसाठी थांबायची तयारी ठेवा. मच्छीमार रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला लागले की कुरव उठतात आणि उघडे पंख आपोआप मिळतात. त्यांना मुद्दाम उडवायला घोळक्यात शिरू नका, लांबून येऊन दमलेले पक्षी आहेत ते. ओहोटीला वाळूचा दांडा मोकळा होतो तेव्हा दुर्बीण स्टँडवर लावून कडेला बसलेलं बरं. त्याच वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, कुंपण घातलेल्या जागांपासून दूरच बसा. उपजात ठरली नाही तर नुसतं लेसर ब्लॅक-बॅक्ड गल असं लिहा, फोटो जपून ठेवा. माझ्या वहीत निम्म्याहून जास्त पिल्लं अशीच नोंदलेली आहेत.