विद्यार्थी संशोधन गटाला मदत करणाऱ्यांचे आभार कसे मानावेत?

प्रकल्प संपल्यावर मदत करणाऱ्यांना पत्र पाठवावे की कार्यक्रम घ्यावा, असे आपण विचारले आहे. माझ्या मते आधी मदत कोणाकोणाची झाली, याची यादी नीट करावी. आमची पहिली चूक तिथेच झाली होती.

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यातील, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारे असलेल्या भागातील, विहिरींचे पाणी तपासणारा आमचा विद्यार्थ्यांचा गट होता. उन्हाळ्यातले नमुने तपासून झाल्यावर आम्ही महाविद्यालयाच्या सभागृहात शाल-श्रीफळ देऊन देणगीदारांचा सत्कार केला आणि आभार मानून झाले असे समजलो. पावसाळ्यानंतर दुसऱ्या फेरीसाठी दर्यापूर तालुक्यातील एका गावी गेलो, तेव्हा आदल्या खेपेला स्वतःचा दोर आणि बादली देणाऱ्या, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळेपर्यंत उन्हात थांबलेल्या आजींनी विचारले, "मागच्या टायमाले पानी नेलं, त्याचं काय निंघालं ते तं सांगा बाप्पा." आमच्यापैकी कोणापाशीही उत्तर नव्हते. त्यांच्या विहिरीचा आकडा आमच्या वहीत होता, पण तो त्यांच्यापर्यंत पोहोचवावा हे आम्हाला सुचलेच नव्हते.

त्यानंतर आम्ही प्रत्येक विहिरीसाठी एक पान मराठीत लिहिले. पाण्यात विरघळलेले एकूण क्षार किती, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा असून दुसरा स्रोत नसेल तरच २००० पर्यंत सूट कशी आहे, आणि डाळ शिजत नाही त्यामागे पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम कसे असतात, एवढेच त्यावर होते. ते पान आम्ही घरोघरी जाऊन वाचून दाखवले. आजींनी ते घडी करून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवले. माझ्या लेखी आमच्या गटाने मानलेले खरे आभार तेच होत.

देणगीदारांना अर्थातच पत्र पाठवावे; त्यात रक्कम कशावर खर्च झाली ते स्पष्ट लिहावे आणि जे साधले नाही तेही लपवू नये. एखाद्या संस्थेने निधी दिला असेल, तर विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे निधी ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, वेळेत देणे हाही आभाराचाच भाग आहे, आणि पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी तो फार महत्त्वाचा ठरतो. शोधनिबंधाच्या ऋणनिर्देशात नाव घालण्यापूर्वी त्या व्यक्तीची लेखी संमती घ्यावी, कारण नाव आले म्हणजे निष्कर्ष तिला मान्य आहेत असा अर्थ वाचक काढू शकतात. ज्याने प्रत्यक्ष संशोधन केले त्याला मात्र ऋणनिर्देशात ढकलू नये. त्याचे स्थान लेखकांत आहे.

सुटीच्या दिवशी प्रयोगशाळा उघडून देणारे परिचर, नमुन्यांची पेटी एसटीत जपून ठेवणारे वाहक आणि ग्रामपंचायतीचे शिपाई यांची नावे आम्ही आता नमुन्यांच्या नोंदवहीतच त्या-त्या दिवसापुढे लिहून ठेवतो. शेवटी आठवायला बसले की नेमकी हीच नावे सुटतात.