सासूबाईंसह क्रूझचा प्रवास

प्रश्न : येत्या डिसेंबरमध्ये आम्ही पती-पत्नी सत्तर वर्षांच्या सासूबाईंना घेऊन मुंबईहून क्रूझने लक्षद्वीपला जाणार आहोत. त्यांचे गुडघे दुखतात आणि त्यांना बोट लागण्याचीही भीती वाटते. जाऊन आलेल्या प्रवाशांच्या अनुभवावरून काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पावसाळा संपल्यावर अरबी समुद्र बराच शांत असतो. तरीही केबिन जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्यावी, कारण तिथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी त्रास सुरू होण्यापूर्वीच घ्यावी लागते. मात्र सासूबाईंची इतर औषधे लक्षात घेऊन ती डॉक्टरांनाच विचारून ठरवावी.

मला अधिक काळजी वाटते ती गुडघ्यांची. लक्षद्वीपच्या बेटांभोवती प्रवाळाची कडा आणि उथळ पाणी असल्यामुळे मोठे जहाज बाहेरच नांगर टाकते आणि प्रवाशांना हलत्या लहान नावेत उतरून किनारा गाठावा लागतो. सासूबाईंना हे जमेल का, याचा विचार आधीच करावा. न जमल्यास त्यांच्यासोबत जहाजावर कोण थांबणार, हेही घरीच ठरवावे.

बंदरावर दिलेले सामान केबिनमध्ये पोहोचायला काही तास लागतात, म्हणून औषधे, ओळखपत्रे आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवावा. किनारा दूर जाताच मोबाइल फ्लाइट मोडवर टाकावा, नाहीतर जहाजावरच्या नेटवर्कचे बिल फार मोठे येते.