स्वतः रचलेलं फँटसी जग खेळायला तयार झालं, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की वहीत तीन हजार वर्षांचा इतिहास झाला, राजघराण्यांच्या वंशावळी झाल्या, देवदेवता ठरले, तरी मित्रांना त्या जगात खेळायला बोलवायचा धीर होत नाही. खेळ म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं वठवायचा: एक जण जग चालवतो, बाकीचे त्यात एकेक पात्र होतात आणि फासे टाकतात. अजून काय राहिलंय?

वर्तमानकाळ राहिलाय. वंशावळीतली भांडणं कधीच मिटली. खेळाडूंना न मिटलेलं भांडण लागतं. गावाच्या नोंदीत मी एवढंच बघतो: इथे कोणाला काय हवंय, आडवं कोण येतंय, आणि खेळाडू इकडे फिरकलेच नाहीत तर काय होईल. शेवटचा प्रश्न बहुतेक जण सोडून देतात आणि मग सगळं जग खेळाडूंची वाट बघत ताटकळत बसतं.

आम्ही सांगलीत खेळतो. नियम डन्जन्स अँड ड्रॅगन्स या अशाच खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे, जग घरचं. त्यातलं एक गाव मी सरळ हरिपूरवरून उचललंय. तिथली हळदीची पेवं तुम्ही ऐकून असाल: जमिनीत खोल खणलेली, वर अरुंद तोंड, आत मोठं पोट. उघडल्या उघडल्या कोणी आत उतरत नाही, कोंडलेली हवा घात करते. 2005च्या पुराचं पाणी शिरून त्यातली बरीच निकामी झाली. डन्जनला, म्हणजे खेळातल्या धोक्याच्या भुयाराला, आणखी काय पाहिजे? माझी नोंद अशी आहे:

"पेवांचं गाव. अडत्याला थोरलं पेव उघडायचंय, मजुरी दुप्पट. हमालांचा मुकादम उघडू देत नाही. कारण विचारलं की पावसापाण्याचं बोलायला लागतो. (पूर आला तेव्हा त्याचा भाऊ आत होता. अजून आहे.) आत कंदील विझला तर दर दहा मिनिटांनी कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, डीसी 12. कोणीच नाही आलं, तर अमावास्येला पेव आतून उघडेल."

संपली नोंद. (कॉन्स्टिट्यूशन सेव्ह म्हणजे पात्राचा चिवटपणा बघायला टाकलेला फासा, डीसी 12 म्हणजे बेरीज किमान 12 यायला हवी.) एकदा मला यायला जमलं नाही, तर आमच्यातल्याच एकाने एवढ्या मजकुरावर अख्खी रात्र खेळ चालवला, मला एक फोन न करता. तयार जग म्हणजे माझ्या लेखी हेच. ते गाव कोणत्या राजाने वसवलं ते मला आजही माहीत नाही. मुकादमाचं नाव मात्र बसल्या बसल्या विचारतात, म्हणून दहा-पंधरा नावं आधीच लिहून ठेवा. नाहीतर गावातला प्रत्येक माणूस शांताराम निघतो.

अंतरं मात्र हयगय न करता ठरवा. डन्जन्स अँड ड्रॅगन्सचं तयार छापील जग फरगॉटन रेल्म्स, त्याची 1987 साली पेटी निघाली, तेव्हा त्यात नकाशावर ठेवून अंतर मोजायला षटकोनी जाळीच्या पारदर्शक शीट दिल्या होत्या, त्या उगीच नव्हेत. पाचव्या आवृत्तीत साध्या चालीने दिवसाला 24 मैल होतात. षटकोन सहा मैलांचा धरला तर दिवसाला चार. सहा मैल म्हणजे ढोबळमानाने सांगली ते मिरज, त्यामुळे आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. ही जाळी नसेल तर अमावास्येची मुदत नुसती कागदावर राहते. असेल तर खेळाडू स्वतःच हिशेब घालतात, की आधी डोंगरातल्या मठात गेलो तर पेवापाशी वेळेत परत येऊ का. असा वाद टेबलावर सुरू झाला की मी गप्प बसून चहा पितो.

चलन, पंचांग, भाषा यांचं फार मनावर घेऊ नका. सोनं, चांदी, तांबं एवढ्यावर भागतं.

आता तुमच्या वहीकडे वळा. वंशावळीतलं मिटलेलं एक भांडण निवडा. त्यातल्या हरलेल्या बाजूचा एक वारस आज जिवंत आहे असं धरा, त्याला काय हवंय ते ठरवा आणि नदीकाठच्या एखाद्या गावात आणून बसवा. पहिल्या सेशनला ते गाव आणि त्याला लागून असलेले सहा षटकोन पुरतात. येत्या शनिवारी बोलवा मित्रांना.