ताई, माझंच काही चुकतंय का?

प्रश्न : मिस्टर एसटीत कंडक्टर आहेत, लग्नाला नऊ वर्षं झाली. दिवाळीत डॉक्टरांनी नैराश्य सांगितलं. तीन महिने गोळ्या घेतल्या, बरं वाटलं, मग सासूबाईंनी 'सवय लागेल' म्हणून बंद करायला लावल्या. आता पुन्हा ड्यूटीवरून आले की भिंतीकडे तोंड करून पडतात. मुलीच्या गॅदरिंगलाही आले नाहीत. माझंच काही चुकतंय का? माहेरी जावं का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : गोळ्यांचं तुम्ही एका ओळीत उरकलंत, पण खरी गोम तिथेच आहे. बरं वाटायला लागल्यावरही या गोळ्या निदान सहा महिने चालू ठेवतात आणि नंतर डॉक्टरच हळूहळू कमी करतात. मध्येच सोडल्या की दुखणं उलटू शकतं. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते, तशी यांची लागत नाही. पुढच्या खेपेला सासूबाईंनाच डॉक्टरांकडे न्या. सुनेचं ऐकणार नाहीत, डॉक्टरांचं ऐकतील. (त्या स्वतः बीपीची गोळी घेतात का हो?)

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या तरी फरक पडायला दोन ते सहा आठवडे जातात.

आणि तुमचं काही चुकलेलं नाही. हे दुखणं मी स्वतः काढलंय. तेव्हा आमचे हे रोज दारातूनच विचारायचे, "आज बरं वाटतंय का?" मला वाटायचं, निकाल मागतायत. राग नव्हता हो, उत्तर द्यायला त्राणच नसायचं. एका संध्याकाळी त्यांनी काही न विचारता मटारची पिशवी माझ्यासमोर पेपरवर ओतली आणि सोलायला बसले. अर्ध्या तासाने मी एक शेंग उचलली. तीन-चार सोलल्या असतील. त्यांनी त्यातले दाणे तोंडात टाकले आणि म्हणाले, "गोड आहेत."

एक मात्र सरळ विचारा : "जीव नकोसा वाटतो का?" विचारल्याने ते मनात भरत नाही. हो म्हणाले, तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्री-अपरात्री टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 लावा. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. तुम्हालाच रडू फुटलं तरीही लावा.

माहेरी जा की! गोळ्या सुरू झाल्या, जिवाचा धोका नाही असं डॉक्टर म्हणाले आणि घरात सासूबाई असल्या, की चार दिवस जाऊन या. रुसून नको, "रविवारी येते" असं सांगून. लेकीला सांगा, बाबांना बरं नाही. ताप आल्यावर सांगतो तसंच. गॅदरिंगचा व्हिडिओ फोनमधून पुसू नका, कधीतरी मागतील.