भीती कुणाची, बंदोबस्त कुणासाठी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही पुण्यात इतिहासात एम.ए. करताय. एकोणिसाव्या शतकापासूनचा ‘सुरक्षेचा इतिहास’ पीएच.डी.साठी घ्यावासा वाटतोय, पण तुमचे सर म्हणतात की हा लष्करी इतिहासच आहे, संरक्षणशास्त्र विभागात जा. शिवाय हाती लागणारं वाचन सगळं युरोपचं. मग इथं बसून यात करण्यासारखं काही आहे का, असं तुम्ही विचारलंय. आहे, आणि भरपूर आहे. या विषयात माझी वीसेक वर्षं गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सरांचा मुद्दा. लष्करी इतिहास सैन्य, शस्त्रं, डावपेच यांच्यामागे जातो आणि ते काम मोलाचं आहे. आपले प्रश्न वेगळे. भीती कशाची वाटली? ती ‘धोका’ म्हणून कुणी मांडली, कुणाच्या नावानं? तिच्यापायी कोणते कायदे, चौक्या, नोंदवह्या उभ्या राहिल्या? आणि धोका टळल्यावर त्यातलं काय मागे उरलं? शेवटच्या प्रश्नावर माझा सगळा भर आहे. धोका जातो, त्याच्यासाठी केलेला बंदोबस्त जात नाही.

युरोपचं थोडक्यात सांगते. नेपोलियनच्या पाडावानंतर १८१५ ते १८१८ फ्रान्समध्ये दीड लाखांची परकी फौज वेलिंग्टनच्या हाताखाली तळ देऊन होती आणि चार मोठ्या सत्तांचे राजदूत पॅरिसमध्ये नियमित बैठका घेत. उत्रेख्त (नेदरलँड्स) विद्यापीठातल्या इतिहासकार बेआत्रिस द ग्राफ यांनी त्या बैठकांमधून एक सामायिक ‘सुरक्षेची संस्कृती’ कशी घडली ते दाखवलंय. जर्मनीत इतिहासकार एकार्ट कोन्झे यांनी सुरक्षा ही आधुनिक इतिहासाकडे बघायची मध्यवर्ती दृष्टी होऊ शकते, असं मांडलं. मारबुर्ग आणि गीसेन विद्यापीठांनी मिळून या विषयावर मोठा संशोधन प्रकल्पच चालवला. हे वाचा. पण वाचताना १८१८ या सालाखाली एक रेघ ओढून ठेवा. ज्या वर्षी ती फौज फ्रान्समधून निघाली, त्याच वर्षी बंगालमध्ये खटल्याविना माणसाला अडकवून ठेवण्याची मुभा देणारं रेग्युलेशन तीन (कंपनी सरकारचा कायदा) आलं आणि त्याच वर्षी पुण्याची पेशवाई बुडाली. १८२७ मध्ये मुंबई इलाख्यालाही तसंच रेग्युलेशन पंचवीस मिळालं. युरोपात शांततेची घडी बसत होती म्हणतात, तेव्हा इकडं काय बसवलं जात होतं, हे त्या पुस्तकांत फारसं सापडत नाही. ती जागा तुमच्यासाठी मोकळी आहे.

आता १८९७ चं पुणं घ्या. तुम्ही रोज विद्यापीठात जाता, म्हणजे या इतिहासाच्या दारातूनच जाता. ती मुख्य इमारत म्हणजे गणेशखिंडीचं गव्हर्नरचं निवासस्थान. २२ जूनच्या रात्री राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ तिथं होता. तो आटोपून परतताना प्लेग कमिटीचा अध्यक्ष रँड याच्यावर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. ही घटना मराठी माणसाला पाठ आहे. पण सुरक्षेच्या इतिहासाच्या अंगानं त्या वर्षाकडं बघितलं की एकाच शहरात, काही महिन्यांच्या अंतरात, तीन वेगवेगळे धोके दिसतात.

पहिला धोका प्लेगचा. साथीच्या रोगांचा कायदा फेब्रुवारी १८९७ मध्ये झाला, जेमतेम चार कलमांचा. त्याच महिन्यात व्हेनिसला फक्त प्लेगवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली, कारण मुंबईहून निघणारी जहाजं आणि हजचे यात्रेकरू यांची युरोपला धास्ती होती. म्हणजे पुण्याच्या पेठांमधली घरझडती काही प्रमाणात तिकडच्या बंदरांच्या काळजीतूनही आली होती. दुसरा धोका वाड्यातल्या बाईला दिसत होता. गोरे सोल्जर माजघरात, देवघरात शिरतात, सामान जाळतात, घरच्या माणसांना छावणीत नेतात. तिच्या लेखी रोगापेक्षा बंदोबस्तच भयंकर होता. तिसरा धोका २२ जूननंतर सरकारनं ठरवला: पुण्यातले ब्राह्मण, त्यांची वर्तमानपत्रं, त्यांचे उत्सव. पुण्यातल्या सरदार घराण्यातल्या नातू बंधूंना उचललं ते कुठल्या आधारावर? सत्तर वर्षं जुन्या रेग्युलेशन पंचवीसच्या. खटला नाही, आरोपपत्र नाही. टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला आणि न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला सांगितलं की राजद्रोहाच्या कलमातलं ‘डिसअफेक्शन’ म्हणजे नुसता प्रीतीचा अभाव. सहा विरुद्ध तीन असा कौल आला आणि अठरा महिन्यांची शिक्षा झाली. पुढच्याच वर्षी ते कलम आणखी रुंद केलं.

मागं काय उरलं ते बघा. क्रांतिकारी कटांची चौकशी करणाऱ्या रौलट समितीच्या १९१८ च्या अहवालात पहिलं प्रकरण मुंबई इलाख्याचं आणि त्याची सुरुवात चापेकरांपासून. त्या अहवालावरून १९१९ चा कायदा झाला, पुन्हा विनाखटला अटकेचा. आणि साथीचा तो चार कलमांचा कायदा? मार्च २०२० मध्ये करोना आला तेव्हा महाराष्ट्र सरकारनं तोच बाहेर काढला. तेव्हा मी घरात बसून ती अधिसूचना वाचत होते आणि खरं सांगते, अंगावर काटा आला.

सिद्धान्ताचं म्हणाल तर कोपनहेगन पंथाशिवाय, म्हणजे आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासातल्या सुरक्षाविषयक विचारप्रवाहाशिवाय, गत्यंतर नाही. बझान, वेव्हर आणि डी वाइल्ड यांचं १९९८ चं पुस्तक सगळेच वापरतात. एखादी गोष्ट ‘अस्तित्वाला धोका’ म्हणून बोलून दाखवायची, ऐकणाऱ्यांनी ते मान्य करायचं आणि मग नेहमीचे नियम बाजूला ठेवायची मोकळीक मिळवायची, याला ते सुरक्षाकरण म्हणतात. कल्पना कामाची आहे. पण १८९७ च्या पुण्याला लावताना थांबा आणि विचारा, ऐकणारे कोण? पुणेकरांची मान्यता कुणी मागितलीच नव्हती. पटवून द्यायचं होतं ते लंडनच्या भारतमंत्र्याला आणि मुंबईच्या इंग्रजी पत्रांना. वसाहतीत हा सिद्धान्त असा वाकतो. तो कुठं आणि का वाकतो हे पुराव्यानिशी दाखवणं, ही माझ्या मते आपल्याकडून व्हायची सगळ्यात महत्त्वाची भर आहे.

‘सुरक्षा’ हा शब्द जुन्या कागदांत शोधत बसू नका. बंदोबस्त, जागल, रखवाली, चौकी-पहारा, नाकेबंदी हे शब्द शोधा. जागल म्हटलं की रामोशी आले. गावची राखण हे त्यांचं वतनी काम. कंपनीचं राज्य आल्यावर ती घडी मोडली, उमाजी नाईकांचं बंड झालं आणि १८३२ मध्ये पुण्यात त्यांना फाशी दिली. त्यांना पकडण्याच्या मोहिमेतल्या कॅप्टन मॅकिंटॉशनं लगेच दुसऱ्या वर्षी रामोशी जमातीवर पुस्तक छापलं. राखणदारच धोका ठरला, आणि तरीही पुण्याच्या लष्कर भागातले साहेब बंगल्यावर पहाऱ्याला रामोशीच ठेवत, कारण न ठेवला तर चोरी ठरलेली. पुढं आख्ख्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमातींचा कायदा आला, १९५२ मध्ये गेला. रामोशी आज विमुक्त जातींच्या यादीत आहेत. विमुक्त म्हणजे त्या कायद्यातून सुटलेले; या शब्दातच तो जुना बंदोबस्त अजून जिवंत आहे.

कागदांबद्दल एक सावधगिरी. पुण्याचं पेशवे दफ्तर जवळ आहे म्हणून तिथंच अडकू नका. पोलिस आणि न्याय खात्याचे खंड मुंबईला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात आहेत. भारत सरकारच्या गृहखात्याच्या पुष्कळ फायली दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात. पहिली दोन वर्षं मी पोलिसांचा अहवाल म्हणजेच घडलेली गोष्ट असं धरून चालले होते. मग एका प्रकरणात तीन पातळ्यांवरची पत्रं शेजारी शेजारी ठेवली. खालच्या पत्रात ‘ऐकिवात आहे’, मधल्या पत्रात ‘असे समजते’, वरच्या टिपणात ‘निश्चित आहे’. नवा पुरावा एकही नाही, फक्त कागद वर सरकत गेलेला. तेव्हापासून मी अहवालात काय लिहिलंय यापेक्षा तो कुणाला लिहिलाय हे आधी बघते. तुम्हीही एक करा. सरकार देशी वर्तमानपत्रांतल्या मजकुराचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्याला काढत असे. जून ते सप्टेंबर १८९७ चा गोषवारा आणि मूळ केसरी ओळीला ओळ लावून वाचा. कुठला शब्द भाषांतरात जास्त धारदार झाला ते वहीत उतरवा. हे काम मराठी येणाऱ्या माणसालाच जमेल.

विषयाचं नाव मात्र आत्ताच लहान करा. ‘एकोणिसाव्या शतकापासूनची सुरक्षा’ यात तुम्ही बुडाल. रँडच्या खुनानंतर पुण्यावर शिक्षा म्हणून जादा पोलिस बसवले आणि त्यांचा खर्च शहराच्या माथी मारला. तो खर्च कुणाच्या किती वाट्याला आला, वाटणी कुणी केली, तक्रार-अर्ज कुणी केले, ते पोलिस उठले कधी आणि उठताना कुठल्या चौक्या, कुठल्या नोंदवह्या मागं राहिल्या? एवढ्यावर एक चांगला प्रबंध होतो. आराखडा लिहून झाला की इथंच टाका, मी वाचून सविस्तर कळवते. आणि सरांना दाखवताना पहिल्या पानावर सैन्याचा नव्हे, त्या खर्चाच्या वाटणीचा प्रश्न ठेवा.