पंचविशीत स्पर्धा परीक्षेकडे वळणाऱ्यांसाठी
राज्यसेवेसाठी खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ वर्षे असल्यामुळे पंचविशीत हाताशी भरपूर वेळ आहे असे वाटते, आणि नेमकी हीच समजूत पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये अनेकांची उमेदीची वर्षे खाऊन टाकते. मीही तीन वर्षे तिथल्याच एका खुर्चीवर, शेजारी मेसचा डबा ठेवून, बसलो होतो. माझे ऐकाल तर किती प्रयत्न करायचे ते आजच वहीच्या पहिल्या पानावर लिहा, तो आकडा घरी मोकळेपणाने सांगा आणि दरमहा घरून येणाऱ्या पैशांतला थोडा तरी भाग शिकवण्या घेऊन स्वतः कमवू लागा. मला शिकवणीचे पहिले १,५०० रुपये मिळाले, त्या संध्याकाळी कित्येक महिन्यांनी आईचा फोन मी पहिल्याच रिंगला उचलला.